डावा दिवा

फ्यूज दहा अँपियरचा. तिसरा.
काउको म्हणाला, लावला की जातो,
लावला की जातो,
आणि टोपी हातात धरून उभा राहिला
माझ्या गॅरेजच्या दारात, अर्धा आत, अर्धा बाहेर.
चाळीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला
कुणाच्याही घरात पूर्ण शिरायची सवय नसते.

सावुकोस्कीत डिसेंबरात
दुपारी दोनलाच रात्र होते.
एका दिव्याची गाडी
समोरच्याला वाटते मोटारसायकल,
आणि या बर्फात मोटारसायकल कोण चालवतंय?

फ्यूजला शिव्या देऊन उपयोग नाही.
तो बिचारा घरच्यांसाठी आधी मरतो.
कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणजे वीज.
दिव्यापर्यंत जायचं सोडून
तिला पत्र्यातून जवळची वाट सापडली आहे.
आळशी नाही ती. तिला फक्त घरी जायचं असतं.

दिव्याचा प्लग काढला.
फ्यूजच्या जागी ब्रेकचा जुना बल्ब जोडला
दोन चिमट्यांनी.
भक्कन पेटला.
लागला की! काउको खूश.
नाही रे बाबा, म्हटलं, हे दुखणं आहे.
पेटलाय तोवर दुखणं.
हात लावल्यावर जिथे विझेल, तिथे थांबायचं.

रोवानिएमीच्या तंत्रशाळेत एकवीस मुलगे आणि मी.
मास्तर मुलग्यांकडे बघून शिकवायचे.
मी ऐकून घेतलं.

मग तारांचा जुडगा, वीतवीतभर.
डॅशबोर्डखाली हलवला. पेटलेलाच.
इंजिनाच्या भिंतीतलं रबरी बूच. पेटलेलाच.
बॅटरीमागे, जिथे काउकोने
कुत्र्याच्या पट्ट्याने काहीबाही आवळलंय, तिथेही
बल्ब ढिम्म.
उणे चोवीस. तारेचं कातडं पापडासारखं,
जोर लावावा तर कडकन मोडेल.

डाव्या दिव्याखाली एक लोखंडी पट्टी.
हातोडीने सरळ केलेली, ब्रशने रंगवलेली,
गाडीच्या निळ्याच्या जवळपास जाणारा
खिडक्यांचा निळा.
तिथली तार बोटाने उचलली.
बल्ब विझला.

आरसा घातला, टॉर्च धरला.
पट्टीखाली चेंगरलेली तार, तांबं उघडं,
आणि तिच्यासोबत चेंगरलेले
करडे-पांढरे केस. आखूड, आतून पोकळ.

ऑक्टोबरात माझा भाऊ येर्मो
तीन दिवस एक मादी शोधत होता,
डाव्या कानाला दोन काप, उजव्याला एक.
चरात मिळाली. डोळे कावळ्यांनी नेलेले.
लाकडाचा ट्रक असणार, म्हणाला. कुणा परक्याचा.

रेनडिअरला धडकलात तर फोन करायचा असतो.
भरपाई मिळते. कुणी ओरडत नाही.
फक्त विचारतात,
दिसलं नाही का?

मी बोलले नाही.
तार जोडली, नळी चढवली, टेप गुंडाळला,
पट्टी दोन बोटं वर सरकवून बसवली.
केस खिशात टाकले.
कॉफी घेणार? नको म्हणाला,
मग म्हणाला, घेतो, मग पुन्हा नको.
ताकाला आलेला माणूस, भांडं पाठीमागे.

नवा फ्यूज. चौथा. बटण दाबलं.
समोर बर्फाच्या ढिगावर दोन गोल,
शेजारी शेजारी, नाण्यांसारखे स्वच्छ.
काउको त्यांच्याकडे बघत उभा राहिला
बराच वेळ.
"आता?" त्याने विचारलं.
"डावा लागला का?"

लागला, म्हटलं.
सरक पलीकडे. मी सोडते घरी.

वाद घातला नाही त्याने. शेजारच्या सीटवर
असा बसला की जणू ऑक्टोबरपासून
याच हाकेची वाट बघत होता.
मांडीवर तिन्ही जळके फ्यूज,
का कोण जाणे, जपून ठेवलेले.

सहा किलोमीटर. कुणी बोललं नाही.
रस्त्यावर दोन्ही दिवे चालत होते
आमच्या पुढे.

येर्मोच्या फाट्याशी
त्याने काचेवर बोट टेकवलं.
इथे थांब जरा, म्हणाला.